तीन प्रबंध आणि पिपलानीतलं एक घर

नागपुरात परतून पंधरा दिवस झाले. भेटेल तो पहिल्यांदा हेच विचारतो, "भोपाळचा तलाव पाहिलास?" पाहिला. एकदाच, तोही सिटी बसच्या खिडकीतून, आणि तेव्हा माझं अर्धं लक्ष मांडीवरच्या कार्बन पेपरच्या डब्याकडे होतं. बाकी बारा दिवस मी पिपलानी या कारखान्याच्या वसाहतीतल्या एका क्वार्टरच्या पुढच्या खोलीत टाइपरायटरसमोर बसून काढले. याला प्रवास म्हणायचं का, असं माझ्या भावानं विचारलं. त्याला तोंडी जे नीट सांगता आलं नाही, ते इथे लिहिते.

मी सीताबर्डीवर टायपिंगचं काम करते. गेली अकरा वर्षं मुख्यतः प्रबंधच. कपाशीवरची कीड, बँकांच्या ग्रामीण शाखा, महानुभावांचं गद्य, संत्र्याची बाजारपेठ, सगळं या दोन हातांखालून गेलं आहे. पण खरं सांगायचं तर मी त्यातलं काही वाचलेलं नाही. डोळे अक्षर बघतात, बोटं ते उमटवतात आणि मी मधून मोकळी असते. पान संपलं की विषयही संपला.

वनमाला देशकर यांचं पत्र आलं दिवाळीनंतर. माहेर नागपूरचं, यजमान भोपाळच्या मोठ्या सरकारी कारखान्यात इंजिनिअर. टाउनशिपमधल्या मराठी बायकांच्या ओव्यांवर त्यांनी प्रबंध लिहिला होता आणि महिनाअखेरीला तो नागपूर विद्यापीठात पोचायला हवा होता. तिथल्या टायपिस्टानं केलेलं एक प्रकरण त्यांनी पत्रासोबत पाठवलं. बिचारा हिंदीभाषक, त्यानं सगळ्या 'बाळां'चे 'बाल' करून टाकले होते. अख्खा पाळणा केसांबद्दल झाला होता. पत्राच्या शेवटी होतं, "सुमनताई, तुम्हीच या. राहायची सोय घरी. आणखी दोन जणांचं कामही आहे."

हबीबगंज

स्टेशनवर उतरतानाच फजिती झाली. टाइपरायटरची पेटी मी हमालाला दिली नाही, स्वतः उचलली आणि पायरीवरून ती सुटली. उघडून पाहिलं तर कॅरेज ओढणारी पट्टी तुटलेली. एक अक्षर उमटलं की कॅरेज पुढे सरकायचं बंद. घ्यायला आलेल्या वनमालाताईंसमोर मला रडूच आलं.

"अहो, रडता काय! आमच्या लाइनीत सहा घरं आहेत, त्यातल्या चार घरांत फिटर आहेत," त्या म्हणाल्या.

ते खरंच निघालं. शेजारचे शर्माजी दुपारची पाळी संपवून आले, हात धुतले, चष्मा लावला, आणि मासे धरायच्या नायलॉन दोरीचा तुकडा बसवून पंधरा मिनिटांत मशीन चालू करून दिलं. "अब ये टूटेगा नहीं, बहनजी. मशीन टूट जाएगी, ये नहीं टूटेगा." नागपुरात मला यासाठी आठवडाभर दुकानाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या असत्या. या वसाहतीत केरळचा माणूस पंजाब्याच्या भिंतीला भिंत लावून राहतो, कारखान्याचा भोंगा झाला की सगळ्यांच्या चुली एकाच वेळी पेटतात, आणि कोणाची वस्तू बिघडली की ती सगळ्या लाइनीची होते. सकाळी नाश्त्याला पोहे आले, पण तर्री नाही. वर शेव आणि बाजूला जिलबी. पहिल्या दिवशी मी जिलबी वेगळी काढून ठेवली. चौथ्या दिवसापासून पोह्यांबरोबरच खाऊ लागले. आता इथे घरी नुसते पोहे फिके लागतात, हे आईला अजून सांगितलेलं नाही.

एकच दार, तीन पाहुणे

दुसऱ्या दिवशी बाकीचे दोघे आले. नसरीनबी शहरातल्या जहांगीराबादच्या, समाजशास्त्राच्या. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडून जाणाऱ्या कुटुंबांचं काय होतं, हा त्यांचा विषय. प्रबंध हिंदीत. तिवारी सर आनंद नगरला राहायचे, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे, सायकलवर यायचे. त्यांचा प्रबंध इंग्रजीत, त्यासाठी कॉलेजातलं इंग्रजी मशीन त्यांनी आणून दिलं होतं, आणि तो होता कुंभारमाशीवर. घराच्या कोपऱ्यात मातीचं मडकं बांधते ती. मडक्यात अळ्या भरायच्या, अंडं घालायचं, तोंड लिंपायचं आणि निघून जायचं. पिल्लू आईला कधी पाहत नाही. सर हे असं सांगायचे, जणू घरच्याच कोणाबद्दल बोलताहेत.

"पण तुम्हा तिघांची ओळख कशी?" मी विचारलं.

नसरीनबी हसल्या. "दरवाज़ों पर हुई, दीदी. मैं घंटी बजाऊँ तो अंदर वनमालाजी बैठी गाना लिख रही हैं, और पिछवाड़े तिवारी सर सीढ़ी पर चढ़े हुए हैं."

त्याच घरांत तिघं जात होते. एक ऐकायला, एक विचारायला, एक बघायला. मला गंमत वाटली. एका घरात अभ्यासण्यासारखं इतकं काय असतं, असंही मनात आलं.

वनमालाताईंचं हस्तलिखित आधी घेतलं. तिसऱ्या दिवशी एका ओवीवर अडले. 'परडं' आहे की 'पारडं'? अक्षर त्यांचंच, पण त्यांनाही लागेना. "चला, जिची ओवी तिलाच विचारू," त्या म्हणाल्या. दोन लाइनी मागे अनसूयाबाई राऊत राहत. वर्ध्याकडच्या. यजमान किसनराव कारखान्यात क्रेन चालवत.

अनसूयाबाई अंगणात तांदूळ पाखडत होत्या. प्रश्न ऐकून सूप खाली ठेवलं. "परडं व माय, परडं! घरामागचं. तागडीचं पारडं कायले येईल गाण्यात?" मग मला म्हणाल्या, "तुम्ही छापता काय हे सगळं? माह्या तोंडचं?"

"टाइप करते," मी म्हटलं.

"म्हणजे राहते नं?"

"राहतं."

त्यांनी सीताफळं दिली. तेवढ्यात किसनराव बाजारातून आले आणि बाहेर बाजेवर पेपर वाचत बसले. उंच, हाडापेराचा माणूस, मान हलवण्यापलीकडे बोलला नाही. हात धुवायला मी मागच्या खोलीतून गेले तर तिथली खिडकी बंद होती आणि दोन्ही झडपांच्या सांध्यावर मुठीएवढं मातीचं घर. "तिवारी सरायसाठी ठेवलं," अनसूयाबाई म्हणाल्या. "मोजाले येतात नं ते."

परत जाताना वनमालाताईंनी आवाज उतरवून सांगितलं. राऊतांना एकच मुलगी, शोभा. सात वर्षांपूर्वी तिनं शेजारच्या जेकबांच्या मुलाशी लग्न केलं, घरी न सांगता. जेकबांची नंतर बदली झाली. मुलगा-सून दुसऱ्या राज्यात, पोलादाच्या कारखान्याच्या वसाहतीत. तेव्हापासून त्या घरात मुलीचं नाव निघत नाही. किसनरावांना चालत नाही म्हणून. अनसूयाबाई गातात त्या किसनराव कामावर गेल्यावरच.

त्या दुपारी पुढचं पान आलं. निवेदिका, म्हणजे ओवी सांगणारी, क्रमांक सात.

लेक गेली दूर देशी, नाव तिचं घेऊ कशी
सुपातल्या तांदळाशी, बोलते मी

खाली तळटीप: 'निवेदिकेच्या विनंतीवरून नाव दिलेले नाही. ही ओवी यजमानांच्या कानी जाऊ नये असे तिने सांगितले.'

माझी बोटं थांबली. अकरा वर्षांत असं झालं नव्हतं. 'तांदळाशी'चा ळ नीट उमटला आहे ना, हे मी दोनदा पाहिलं आणि पुढे निघाले.

जहांगीराबाद

रविवारी नसरीनबींनी जेवायला बोलावलं. तलाव पाहिला तो त्याच वेळी. त्यांच्या अम्मी जिना उतरून खाली आल्या, माझा हात धरून वर घेऊन गेल्या. मी मांसाहार करत नाही हे आधीच कळलेलं, म्हणून माझ्यासाठी नवीन पातेल्यात डाळ आणि वांगी केली होती. पातेलं नवं आहे हे त्यांनी सांगितलं नाही, बुडाशी चिकटलेल्या दुकानाच्या कागदावरून मला दिसलं. आपल्याकडे आपण पाहुण्याला आपलं ते खायला लावतो आणि त्यालाच आदरातिथ्य समजतो. इथे पाहुण्याचं ते शोधून केलं होतं. जेवणानंतर चहा आला, त्यात चिमूटभर मीठ. पहिल्या घोटाला मला वाटलं चूक झाली असेल, आणि सभ्यपणे पिऊन टाकला. अम्मींनी पुन्हा कप भरला. दुसरा मात्र मी आवडीनं प्यायले.

येताना नसरीनबींचे तक्ते घेऊन आले. तक्ते टाइप करणं म्हणजे डोळ्यांची परीक्षा. घरातल्या प्रत्येकाला त्यांनी वेगवेगळं गाठून एक प्रश्न विचारला होता: क्वार्टर सोडताना सगळ्यात जास्त चिंता कशाची? उत्तरं साधीच. पाण्याची, दवाखान्याची, शेजार तुटण्याची. परिवार क्रमांक एकतीस: क्रेनचालक, एकच मुलगी, येत्या फेब्रुवारीत निवृत्त, वर्धा जिल्ह्यातल्या गावी परतणार. पत्नीचं उत्तर, 'पता बदल जाने की'. पतीचं उत्तर, 'पता बदल जाने की'. शेवटच्या रकान्यात नसरीनबींची टीप: 'आश्चर्य, इस घर में बरसों से कोई चिट्ठी नहीं आई.'

मी खुर्चीतून उठले. एक फेरी अंगणात मारली. क्रेनचालक, वर्धा, एकच मुलगी. एकतीस आणि सात हे एकच घर होतं.

तरीही मी कोणाला काही बोलले नाही. बोलायचं ते काय? नवरा-बायकोचं उत्तर एक आलं, एवढंच.

परिशिष्ट दोन

तिवारी सरांच्या प्रबंधाला तीन परिशिष्टं होती. दुसरं त्यांच्या मार्गदर्शकांना नको होतं. घरच्या लोकांनी मातीची घरटी का पाडली किंवा का ठेवली, त्यांची कारणं, बोलले तशीच हिंदीत. "विज्ञान में इसका क्या काम, ऐसा पूछते हैं," सर म्हणाले होते. "मगर सुमनजी, घोंसला बचा या टूटा, ये तो इन्हीं बातों से तय हुआ ना?" म्हणून त्यांनी ते हट्टानं ठेवलं.

नववा दिवस, सकाळ. कारणं उमटवत चालले होते. 'शुभ होता है.' 'सीढ़ी नहीं थी.' 'बच्चे डरते थे, गिरा दिया.' मग बारावं. क्रेनचालकाचं घर, मागची खोली, खिडकीच्या झडपा. घरमालकांचं म्हणणं: 'बिटिया की खिड़की है. बंद करके वही गई थी. खोलेगी तो वही खोलेगी. मेरी घरवाली से मत कहिएगा, उसे यही मालूम है कि आपके लिए रखा है.'

तीन प्रबंध माझ्या टेबलावर होते. ते तिघांनी लिहिले, पण तिन्ही वाचलेली मी एकटी होते. बायको नवऱ्यापासून लपवून गात होती आणि नवरा बायकोपासून लपवून खिडकी राखत होता. दोघांनाही वाटत होतं की दुसऱ्यानं मुलीला मनातून काढून टाकलं आहे. फेब्रुवारीत ते क्वार्टर सोडणार होते, आणि मुलीनं कधी पत्र घातलंच तर ते कुठे येणार, याची धास्ती दोघंही वेगवेगळी बाळगून होते.

मी वनमालाताईंना हाक मारली आणि तिन्ही पानं शेजारी शेजारी ठेवली. त्यांनी वाचलं आणि एकदम चिडल्या. "तुम्ही टाइप करायला आलात ना, सुमनताई? ही माणसं माझ्यावर विश्वासून बोलली आहेत." मग खाली बसल्या. मग रडल्या.

संध्याकाळी चौघं जमलो. वनमालाताईंचं मत झालं होतं की आत्ताच जाऊन दोघांना सांगून टाकू. नसरीनबी उठून उभ्या राहिल्या. "हरगिज़ नहीं. कल से कोई दरवाज़ा हमारे लिए खुलेगा नहीं, और खुलना भी नहीं चाहिए. जिसने जो कहा, वो उसका है."

"आणि ते दोघं तसेच गावी जातील?" मी विचारलं. माझा आवाज वाजवीपेक्षा मोठा निघाला. "आपल्याला माहीत असून?"

मग तिवारी सर हळूच म्हणाले, "मेरी बात तो मैं उन्हीं से पूछ सकता हूँ. उन्होंने कहा था, मैंने लिख लिया. छापने से पहले दिखाना तो मेरा फ़र्ज़ है."

नसरीनबी विचार करून म्हणाल्या, "बस उतना ही. उनकी बात, उन्हीं को. ओवी का नाम नहीं लेंगे."

हेच ठरलं. दुसऱ्या दिवशी पाळी सुटायच्या वेळी सर कारखान्याच्या फाटकाशी उभे राहिले. सरांनी मला सोबत यायला सांगितलं, का ते ठाऊक नाही; बहुधा एकट्यानं धीर होत नव्हता. स्कूटरींचा लोंढा ओसरल्यावर किसनराव सायकल हातात धरून आले. सरांनी पान पुढे केलं. "राऊतजी, आपकी कही बात है. रहने दूँ, या निकाल दूँ?"

किसनरावांनी तिथेच उभं राहून वाचलं. एकदा, मग पुन्हा. छापील अक्षरात स्वतःचं बोलणं पाहून माणूस जरा दचकतोच, पण ते फारच वेळ पाहत राहिले. "घरवाली को मत कहना, ये भी लिख दिया आपने," ते म्हणाले.

"निकाल देता हूँ," सर घाईनं म्हणाले.

"नहीं." त्यांनी पानाची घडी केली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. "ये मैं ले जाऊँ?"

ती मूळ प्रत होती. नियमानं द्यायला नको होती. सर माझ्याकडे बघायला लागले. "घेऊन जा," मी म्हटलं. "मी दुसरी करते."

निघण्याच्या दिवशी

अकराव्या दिवशी तिन्ही प्रबंध पुरे झाले. वनमालाताईंची पानं मी मोजून, दोरीनं बांधून पेटीत ठेवली, कारण ती माझ्याबरोबर नागपूरला यायची होती. राऊतांकडून काही कळलं नव्हतं. आपण एका घरात नको तिथे हात घातला, या विचारानं त्या रात्री जेवण गेलं नाही.

गाडी दुपारची होती. सकाळी साडेनऊला दार वाजलं. किसनराव. अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून. आज कामावर गेले नव्हते. वनमालाताईंनी बसवलं, पाणी दिलं. ते माझ्याकडे वळून आमच्या बोलीत बोलले, इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"बाई, ते पान म्या तिले वाचून दाखवलं. परवाच्या दिवशी."

"ती सूप घेऊन बसली. मग म्हणे, तुमाले एक ऐकवतो. अन् गायली." त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "सात वर्षं झाली, तिचा गायचा आवाज म्या ऐकला नव्हता. मले वाटे, तिनं गाणंच सोडलं."

वनमालाताई उठून आत गेल्या. किसनरावांनी खिशातून कारखान्याच्या ओळखपत्राचं पाकीट काढलं आणि त्याच्या मागच्या कप्प्यातून एक चिठ्ठी. घड्या पडून पडून ती चार तुकड्यांत यायच्या बेतात होती. "जेकबसायबानं बदलीवर जातानी देल्ली होती. पत्ता हाय. हातानं लिहाले बसलो का दुसऱ्या ओळीवर हात थांबते. कितींदा बसलो. तुम्ही लिहून देसान काय?"

पेटी बांधून झाली होती. मी ती उघडली, मशीन टेबलावर ठेवलं आणि कागद चढवला. शर्माजींची दोरी घट्ट होती.

"मायना काय घालू?" मी विचारलं. "चिरंजीव शोभा?"

ते खिडकीबाहेर पाहत होते. मी वाट पाहिली. घाई करायची नाही, एवढं या बारा दिवसांत शिकले होते.

"नाही," ते म्हणाले. "लग्न झालेल्या पोरीले घालतात तसा घाला. चि. सौ."

मी ते उमटवलं. "नाव?"

"शोभा."

"आडनाव?"

किसनरावांनी चिठ्ठी टेबलावर सरळ केली, पण तिच्याकडे पाहिलं नाही. मला चुकू नये म्हणून एकेक अक्षर सुटं करून, मोठ्यानं सांगितलं, "जे. क. ब."